मान ताठ होण्याची वाट पाहू नका

पिपलानीसारख्या भेलच्या वसाहतीत दवाखाना जवळ असला, तरी नवजात बाळाच्या मेंदुज्वरात वेळ घरातच जातो, कारण आपण ताप आणि ताठ मान शोधत बसतो. इतक्या लहान बाळात ती बरेचदा दिसतच नाहीत; ते दूध ओढेनासे होते, मलूल पडते, अंग गार लागते. ‘बाळं झोपतातच’ हे खरे, पण चांगले पिणाऱ्या बाळाने पिणे सोडले तर ती नुसती झोप नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना अशी लक्षणे ओळखून जंतुसंसर्गावर उपचार करायला शिकवले, आणि १९९९ च्या अभ्यासात तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. निदानासाठी पाठीतून पाणी काढण्याला घरचे घाबरतात, पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, आणि औषध किती आठवडे द्यायचे हे त्या पाण्याच्या तपासणीवरून ठरते. उशीर झाला तर डोक्यात पाणी साचणे, झटके, बहिरेपण यांचा धोका वाढतो. म्हणून बऱ्या झालेल्या बाळाचीही श्रवणचाचणी करायलाच हवी.