आरशांचा सांधेवाला

गाडीत कोण बसले आहे, याच्याशी रेल्वेच्या सांधेवाल्याला देणेघेणे नसते. मेल असो की मालगाडी, त्याने सांधा बदलला की ती दुसऱ्या रुळाला लागते. गूगलच्या ‘टीपीयू व्ही४’ या महासंगणकात हे काम इवलेसे आरसे करतात.

या यंत्रात ४,०९६ चिप्स एकाच गणितावर राबू शकतात. रॅक ६४ आणि प्रत्येकात ६४ चिप्स, चार बाय चार बाय चार अशा घनात मांडलेल्या. रॅकच्या आत तांब्याच्या तारांवर भागते. पण लांबच्या रॅकपर्यंत जाईतो तांब्यातला वेगवान संकेत विरतो. म्हणून रॅकबाहेर प्रकाशतंतू. घनाच्या सहा बाजू, बाजूला सोळा, अशा रॅकमागे ९६ जोडण्या. प्रत्येक रांगेचे शेवटचे टोक फिरून पहिल्याला मिळायला हवे, म्हणून समोरासमोरच्या दोन जोडण्या एकाच स्विचकडे येतात. असे स्विच ४८. प्रत्येकाला १३६ दारे: १२८ कामाची, आठ चाचणी-दुरुस्तीसाठी राखीव.

नेहमीचा स्विच प्रकाशाची वीज करतो, पत्ता वाचतो आणि पुन्हा प्रकाश करून पाठवतो. ‘पालोमार’ नावाचा हा स्विच काहीच वाचत नाही. तंतूतून आलेला किरण एका सूक्ष्म आरशावर पडतो, तिथून दुसऱ्यावर आणि मग ठरलेल्या तंतूत शिरतो. आरसा दोन अक्षांवर कलतो, एवढीच त्याची विद्या. ती थोडी असल्याचा फायदा असा की, उद्या माहितीचा वेग दुप्पट झाला तरी आरसा जुना होत नाही. २०२३ साली गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेल्या हिशेबात या प्रकाशव्यवस्थेचा वाटा खर्चात ५ टक्क्यांहून आणि विजेत ३ टक्क्यांहून कमी होता.

उणीव एकच, संथपणा. आरसा कलायला काही मिलिसेकंद लागतात; चिपच्या घड्याळात तेवढ्यात लाखो ठोके पडतात. प्रत्येक संदेशासाठी सांधा बदलायचा तर कारभारच ठप्प होईल. पण मोठ्या भाषा-प्रारूपाचे शिक्षण कित्येक दिवस चालते. त्यासाठी मार्ग आधी एकदा लावून ठेवला की पुरते.

१९८०च्या दशकात संशोधक प्रकाशाकडूनच आकडेमोड करवून घेण्याचे बेत आखत होते. इथे आकडेमोड सिलिकॉनकडेच राहिली आणि प्रकाशाला सांध्यावरची नोकरी मिळाली. तिचे मोल एखादा रॅक बंद पडला की कळते. तारा उपसायला कुणी धावत नाही. आरसे किंचित कलतात, दालनात दूर उभा असलेला दुसरा रॅक त्याच्या जागी जोडला जातो आणि गणित शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू होते.