टाका सुटला म्हणून स्वेटर उसवू नका



शेतकी खात्याच्या माणसांनी विणकामावर लिहावं, याचं काहींना हसू येईल. पण थंडीत तोडीच्या निमित्तानं आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा खुंटीला लटकलेले अर्धवट स्वेटर पुष्कळ घरांत दिसतात. विचारलं की उत्तर एकच: "टाका सुटला, मग ठेवून दिलं." लोकरीचे पैसे गेले, मेहनत गेली आणि पोरगं थंडीत तसंच. उसात नांगी पडली म्हणून आपण लागण मोडत नाही, नांगी भरून घेतो. विणीचंही तसंच आहे. जाणत्या भगिनींकडून माहिती घेऊन पुढील गोष्टी देत आहोत.

१) सुटलेला टाका : प्रथम त्यात सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे तो आणखी खाली उतरत नाही. मग सुलट बाजू समोर धरावी. सुटल्या जागी शिडीसारखे आडवे धागे दिसतात. क्रोशाची सुई टाक्यात समोरून घालावी, सर्वांत खालचा धागा पकडून टाक्यातून ओढून घ्यावा. असं एकेक पायरी वर येऊन टाका पुन्हा सुईवर चढवावा.

२) टाके वाढणे : ४० टाके घातले आणि ४३ झाले, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. उलट टाक्यानंतर सुलट विणताना लोकर दोन सुयांमधून मागे न्यायची राहते, ती सुईवरून जाते आणि जादा टाका व भोक पडतं. पुढच्या ओळीत तो वेढा न विणता सोडून द्यावा. प्रत्येक ओळ संपली की टाके मोजावेत.

३) उसवावंच लागलं तर : चूक त्याच ओळीत असेल तर सुई न काढता एकेक टाका मागे घ्यावा. नवशिक्यांनी दर १० ओळींनंतर सुईवरच्या सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवावा. बांध जसं पाणी अडवतो, तसं उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

४) उसवलेली लोकर : तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता दाबून पाणी काढावं आणि सावलीत वाळवावी. लोकरीचे वळ जातात व ती पुन्हा विणता येते.

चूक लवकर दिसली तर थोडक्यात निभावते, मग ती सरीतली असो वा सुईवरची. तरी खुंटीवरचं विणकाम खाली काढावं, ही विनंती.