उधारी देण्याआधी कोर्ट रेकॉर्ड बघा

एका गिऱ्हाइकाला मी उधारीवर माल दिला आणि त्याचा चेक बाऊन्स झाला. नंतर कळलं, त्याच्यावर अशाच केसेस आधीपासून चालू होत्या! चेक बाऊन्स म्हणजे कलम १३८, फौजदारी केस.

ही माहिती ई-कोर्ट्सच्या साइटवर मोफत मिळते. 'केस स्टेटस'मध्ये राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा. 'पार्टी नेम'मध्ये नाव आणि वर्ष टाका. स्पेलिंग आणि वर्ष बदलूनही बघा. 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' दोन्ही तपासा. केस सापडली तर तिचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा. पुढची तारीख त्यावरून कळते.

पण एकाच नावाची माणसं खूप असतात. आणि केस चालू आहे म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. आधी त्यालाच विचारा, मग उधारीचं ठरवा.