गाडीचा अल्टरनेटर बंद पडल्यास काय करावे?

पौषातील एका पहाटेची गोष्ट. कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप गाडी मंद्रूपकडून विजापूर रस्त्याने सोलापूरच्या बाजार आवाराकडे निघाली होती. सौद्यापूर्वी माल उतरविणे अगत्याचे होते. प्रस्तुत लेखकही त्याच गाडीत बसला होता. शहरात शिरल्यावर सात रस्ता येथे मालकाने चहासाठी गाडी थांबविली आणि इंजिन बंद केले. चहा घेऊन परत येऊन त्याने चावी फिरविली, तो 'टक्' असा एक आवाज झाला आणि पुढे काही नाही. समोरचे दिवेही मिणमिणू लागले.

दुकाने उघडेपर्यंत थांबणे भाग पडले. पहिल्या कारागिराने गाडीचे झाकण उघडून पाहिले आणि मीटर न लावताच निकाल दिला, ''अख्खा अल्टरनेटर गेला आहे. नवा टाकावा लागेल.'' सांगितलेली रक्कम ऐकून मालकाचा चेहरा उतरला. शेजारच्या गल्लीतून एका वृद्ध मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला.

''मालक, बॅटरीचा लाल दिवा कधीपासून पेटत होता?''

''आठ दिवस झाले असतील, मिस्त्री. गाडी चालत होती, म्हणून लक्ष दिलं नाही.''

मिस्त्रींनी मीटर लावला, पट्टा दाबून पाहिला, मागील झाकण काढले. आतील दोन्ही कार्बन झिजून मुळाशी आले होते. कार्बन व त्यास जोडलेला रेग्युलेटर बदलला, बॅटरी दुकानात चार्जिंगला लावली आणि दुपारपर्यंत गाडी चालू झाली. खर्च नव्या अल्टरनेटरच्या मानाने अगदी थोडा आला. परंतु त्या दिवसाचा सौदा हुकला तो हुकलाच. मालाला एक रात्र आवारात काढावी लागली.

या प्रसंगातून दोन बोध निघतात. पहिला असा की, यंत्र बंद पडण्यापूर्वी बहुधा सूचना देते. ती ओळखली पाहिजे. दुसरा असा की, दोष नेमका कोठे आहे हे ठरविल्यावाचून पैसा खर्च करू नये. आज खेडोपाडी पिकअप, जीप, मोटार व ट्रॅक्टर आले आहेत. यास्तव अल्टरनेटरविषयीची माहिती प्रत्येक शेतकरी बंधूस व ग्रामकार्यकर्त्यास असणे हिताचे आहे.

अल्टरनेटर म्हणजे काय?

बॅटरी हा हौद मानला, तर अल्टरनेटर ही त्या हौदात पाणी आणणारी मोट होय. गाडी सुरू करताना बॅटरी वीज देते. इंजिन चालू झाल्यावर दिवे, पंखा, इंधनपंप इत्यादींना वीज पुरवून खर्च झालेली बॅटरी पुन्हा भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. मोट थांबली तरी हौदात पाणी असेपर्यंत पाट वाहतो. म्हणूनच अल्टरनेटर बंद पडला तरी गाडी काही काळ चालते आणि मालकाची फसगत होते.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. इंजिन पट्ट्याच्या साहाय्याने आतील रोटर फिरविते. दोन कार्बन ब्रशांवाटे रोटरच्या वेटोळ्यात थोडा प्रवाह जातो व त्याचे चुंबक बनते. हे चुंबक फिरू लागले की भोवतालच्या स्थिर वेटोळ्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, उलटसुलट दिशेची वीज निर्माण होते. डायोड तिला एका दिशेची करतात आणि रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेत ठेवतो. यांपैकी कार्बन, बेअरिंग, डायोड किंवा रेग्युलेटर असा एखादाच भाग बहुधा निकामी होतो. संपूर्ण यंत्र क्वचितच.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेस प्रारंभ झाला, त्या काळातील जीपगाड्यांना डायनेमो असे. डायोड स्वस्त व टिकाऊ झाल्यावर १९६० पासून मोटारींत अल्टरनेटर येऊ लागला. इंजिन संथ चालू असतानाही तो पुरेशी वीज देतो, हा त्याचा मोठा गुण होय. पुष्कळ कारागीर त्यास अद्याप 'डायनेमो'च म्हणतात. नाव जुने राहिले तर हरकत नाही; परंतु जुनी सवय मात्र घातक ठरते. डायनेमोच्या दिवसांत इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'गाडी चालू राहते का' हे पाहण्याची रीत होती. अल्टरनेटरच्या गाडीत असे कदापि करू नये. वायर निघताच विजेचा दाब एकदम उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, तसेच इंजिनाचे संगणकीय यंत्रही जळू शकते.

दोष कसा ओळखावा?

इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा पेटलेला राहणे, इंजिन संथ असताना पुढील दिवे मंद होणे, पट्ट्याची किंचाळी, बेअरिंगची घरघर, जळका वास, ही लक्षणे होत. बॅटरीतील पाणी वारंवार आटत असेल व गंधकासारखा वास येत असेल, तर वीज कमी नसून जास्त होत आहे, म्हणजे रेग्युलेटर बिघडला आहे, असा संशय घ्यावा.

खात्रीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गावातील एखाद्या मंडळाने वा गटाने सामाईक घेऊन ठेवावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांस लावावा. गाडी काही तास उभी असता पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली आकडा आल्यास ती रिकामी समजावी. नंतर इंजिन चालू करावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला, तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. दिवे व पंखा लावूनही तो १३ च्या वर गेला नाही, तर वीज पुरत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. काही नव्या गाड्यांत संगणक गरजेनुसार दाब कमीजास्त करतो. म्हणून दिवे लावून पुन्हा पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. २४ व्होल्टच्या मालमोटारींत हे आकडे दुप्पट धरावे.

मीटर एसीवर लावून इंजिन चालू असता अर्ध्या व्होल्टाहून अधिक आकडा दिसल्यास डायोड बिघडल्याचा संशय घ्यावा. असा डायोड गाडी उभी असतानाही रात्रभरात बॅटरी उतरवू शकतो. मग मालक बॅटरीला दोष देतो व नवी बॅटरी विकत घेतो; तीही काही दिवसांत उतरते.

पैसा खर्च करण्यापूर्वी

'भाकरी का करपली, घोडे का अडले, पान का सडले?' या जुन्या कोड्याचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे: न फिरविल्यामुळे! अल्टरनेटरचेही पुष्कळदा तेच असते. पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला की रोटर पुरेसा फिरत नाही. इंजिन बंद असता साध्या पट्ट्याच्या लांब बाजूवर अंगठ्याने दाबावे. तो साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा सेंटिमीटर दबावा. अधिक दबल्यास ताणून घ्यावा, भेगा पडल्या असल्यास बदलावा. पट्टा अति ताणल्यास बेअरिंग खराब होते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर बॅटरीच्या टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी साफ करून ती घट्ट बसवावी. फ्यूज पाहावा. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यास जोडलेली अर्थची वायर तपासावी. चावी फिरविल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी लाल दिवा पेटतच नसेल, तर त्याचा बल्ब पाहावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत या बल्बमधूनच रोटरला पहिला प्रवाह मिळतो. तसेच इंजिन व दिवे चालू ठेवून अल्टरनेटरचे मोठे टोक आणि बॅटरीचे अधिक टोक यांवर मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक आल्यास दोष वायरीत आहे, अल्टरनेटरमध्ये नाही.

या कामी दक्षता आवश्यक आहे. वायर काढताना इंजिन बंद करून प्रथम बॅटरीचे उणे टोक सोडावे. बॅटरीजवळ विडी ओढू नये. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर चालत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये.

स्वस्त पर्याय कोणते?

दोष अल्टरनेटरमध्येच आहे असे ठरल्यावर पुढील पाच मार्ग आहेत.

१. भाग बदलणे. कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग किंवा डायोड प्लेट बदलून काम होत असेल, तर तोच पहिला मार्ग होय. बेअरिंग बदलताना दोन्ही बाजूंची एकदमच बदलावीत. मजुरी एकदाच पडते.

२. वेटोळे पुन्हा भरणे. स्टेटर जळाला असल्यास कुशल कारागीर नवी तार भरून देतो. तारेची जाडी व वेढे मूळचेच असावेत. अन्यथा यंत्र तापते.

३. दुरुस्त केलेला अल्टरनेटर. काही दुकानदार आपला जुना घेऊन त्याच्या बदल्यात दुरुस्त केलेला देतात. कोणते भाग नवे घातले, हे पावतीवर लिहून घ्यावे.

४. भंगारातील वापरलेला. हा सर्वांत स्वस्त, पण त्याचे उरलेले आयुष्य कोणी सांगू शकत नाही. विक्रेत्याच्या बाकावर फिरवून व मीटर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. शक्य झाल्यास नवे कार्बन व बेअरिंग घालूनच बसवावा.

५. नवा. मूळ कंपनीचा किंवा अन्य नामांकित उत्पादकाचा. जी गाडी रोज माल वाहते, तिला हाच अखेर स्वस्त पडण्याचा संभव आहे.

ढोबळ नियम असा ठेवावा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवा घ्यावा. दोनतीन ठिकाणी भाव विचारावा आणि त्यात हुकलेल्या सौद्याचा व बुडालेल्या भाड्याचा हिशेबही धरावा.

कोणताही पर्याय निवडला तरी व्होल्ट, अँपिअर, पुलीच्या खाचा, फिरण्याची दिशा, बसविण्याची भोके व वायरीचा जोड ही जुन्याशी ताडून पाहावी. त्यासाठी जुना नग सोबत न्यावा. कमी अँपिअरचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये. बसविण्यापूर्वी बॅटरी बाहेर चार्ज करून घ्यावी. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचा भार नव्या यंत्रावर टाकल्यास ते तापून लवकर खराब होते. पक्की पावती व हमीची मुदत मागून घ्यावी.

वाटेत बिघाड झाल्यास

लाल दिवा पेटताच प्रथम इंजिनाच्या तापाचा काटा पाहावा. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवितो. पट्टा तुटला असल्यास गाडी तत्काळ थांबवावी, नाहीतर इंजिन तापून मोठे नुकसान होईल. पट्टा शाबूत असल्यास पंखा, वातानुकूलन व रेडिओ बंद करावे आणि दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत इंजिन बंद करू नये. हिशेब सोपा आहे. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मी, म्हणजे ३० अँपिअर-तास वीज वापरता येते असे धरले आणि पुढील दिवे व इंजिन मिळून २० अँपिअर लागत असले, तर दीड तास मिळतो. बॅटरी जुनी असल्यास तासाभराचाही भरवसा नाही. दिवसा दिवे नसल्याने वेळ वाढतो. मात्र वीज वाचविण्यासाठी रात्री दिवे मालवून गाडी हाकणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे. विजेवर चालणारे स्टिअरिंगही अशा वेळी जड होते.

निगा

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरमध्ये भुसा व धूळ बसून वारा कोंडतो. ती हलक्या हाताने झाडून काढावी. इंजिनाची तेलगळती त्यावर पडू देऊ नये. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा त्यावर मारू नये. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्या. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने गाडी सुरू करताना अधिकास अधिक जोडावे. उलट जोड झाल्यास डायोड तत्क्षणी जळतात.

ग्रामकार्यकर्त्यांनी कांदा व डाळिंबाच्या हंगामापूर्वी एखाद्या सकाळी गावातील गाड्या एकत्र आणून पट्टा, बॅटरीची टोके व व्होल्ट तपासण्याचा कार्यक्रम ठेवावा. एका गाडीस फार वेळ लागत नाही.

सात रस्त्यावरील त्या मालकाने आता डब्यात एक मीटर ठेवला आहे. मागील खेपेस भेटला, तेव्हा तो हसून म्हणाला, ''आता दिवा लाल दिसला की चहा मागाहून, मिस्त्री आधी.''