नाव एकच, राऊटर दोन. मोबाइल नेमका कुणाला धरतो?

अर्ज भरायची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा. पेमेंटचे पान गोल गोल फिरतेय, वाय-फायची एकच कांडी, आणि राऊटर मात्र डोक्यावरच लुकलुकतोय! बीडमध्ये अभ्यासिकेत बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मीही अशाच एका रात्री वैतागून जिन्यात जाऊन बसलो होतो.

गडबड अशी की, खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या राऊटरचे नाव-पासवर्ड सारखेच ठेवलेले असतात. कोणत्या राऊटरला जोडायचे हे बहुतांशी राऊटर नाही, तर तुमचे उपकरण ठरवते. तुम्ही खालून वर आलात तरी मोबाइल जुन्याच राऊटरला चिकटून राहतो. ॲपलच्या माहितीनुसार सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली घसरला, की मगच आयफोन दुसरा राऊटर शोधू लागतो; मॅक उणे ७५ पर्यंत थांबतो. ८०२.११ के आणि व्ही ही मानके असलेला राऊटर फोनला 'तिकडे जा' असे सुचवू शकतो. ऐकायचे की नाही, हे फोनच्या मर्जीवर.

मग करायचे काय?

मोबाइलवर सोपा उपाय म्हणजे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करणे. बहुतेक वेळा जवळचा राऊटर पकडला जातो. इंटेलचे वाय-फाय कार्ड असलेल्या विंडोज लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबखाली 'रोमिंग अग्रेसिव्हनेस' सापडेल. पाच पायऱ्या असतात, मूळ सेटिंग मधले. ते वाढवले की लॅपटॉप लवकर राऊटर बदलतो. लिनक्सवाल्यांची चैन आहे. प्रत्येक राऊटरचा वेगळा पत्ता, म्हणजे बीएसएसआयडी, नेटवर्क सेटिंगमध्ये टाकला की लॅपटॉप दुसरीकडे जातच नाही.

अभ्यासिका चालवणाऱ्यांनी दोन्ही राऊटरना 'खाली' आणि 'वर' अशी वेगळी नावे दिली तर प्रत्येकाला आपला राऊटर निवडता येईल. राऊटरची ताकद थोडी कमी केली तरी फरक पडतो. उलटे वाटेल, पण खालचा सिग्नल वर पोहोचलाच नाही तर फोन त्याला चिकटणार कसा?

नावावर विसंबण्यात एक धोकाही आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला रेल्वे आली. देशभरातल्या स्थानकांवर 'रेलवायर'चे मोफत वाय-फाय असते. अशा बिनपासवर्डच्या नेटवर्कला फोन प्रामुख्याने नावावरून ओळखतो. तेच नाव देऊन कुणी हॉटस्पॉट सुरू केला, तर फोन न विचारता त्यालाही जोडला जाऊ शकतो. म्हणून काम झाले की ते नेटवर्क 'फर्गेट' करा, 'ऑटो-कनेक्ट' बंद ठेवा. आणि अर्जाचे पैसे भरताना सरळ मोबाइल डेटा वापरा.