आमची लोटलीची सहल आणि तिची तयारी

या वर्षी आमच्या शाळेची तिसरी-चौथीची सहल गोव्यातील लोटली या गावी जाणार आहे. काही पालक म्हणतात, गोव्याला जायचे आणि समुद्र नाही, मंगेशी नाही, हे लोटली कुठून काढलं? तेव्हा बाई मला म्हणाल्या, तू माहिती गोळा कर आणि भित्तिपत्रकात लिही. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

लोटलीला काय आहे?

लोटली हे सासष्टी तालुक्यातले गाव आहे. ते मडगावपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे वडिलोपार्जित घर याच गावात आहे. तिथे मायेंद्र आल्वारिस या कलाकाराने १९९५ साली एक जुने गाव तयार केले. त्याला 'बिगफूट' म्हणतात, म्हणजे मोठे पाऊल. पोर्तुगीज राज्यात सुमारे शंभर वर्षांपूर्वी गोव्यातले लोक कसे राहत होते, ते तिथे दाखवले आहे. कोळी, शेतकरी, कारागीर, दुकाने आणि जमीनदाराचे मोठे घर असे सगळे आहे. माणसांचे पुतळे आहेत.

एका खडकावर मोठ्या पावलाचा ठसा आहे. एका दानशूर माणसाने एका पायावर उभे राहून देवाची प्रार्थना केली, त्याचे ते पाऊल, अशी गोष्ट तिथे सांगतात. जांभ्या दगडात कोरलेली संत मीराबाईची आडवी मूर्तीही आहे. ती १४ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. आल्वारिस यांनी ती १९९४ साली ३० दिवसांत कोरली. १४ मीटर म्हणजे किती ते कळेना, म्हणून आम्ही पटांगणात टेप लावून मोजले. झेंड्याच्या खांबापासून थेट नळापर्यंत आले!

पोर्तुगीज कोण होते?

पोर्तुगीज लोक समुद्रातून जहाजाने आले. १५१० साली आल्बुकर्क याने आदिलशहाकडून गोवा घेतला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. वजाबाकी केली तर ४५१ वर्षे होतात. आपला देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण गोव्याला आणखी १४ वर्षे थांबावे लागले.

पोर्तुगीज गेले पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. चावी, बादली, घमेले, पाव, बटाटा, अननस, पगार, लिलाव हे सगळे शब्द त्यांच्या भाषेतून आले. मी हे आईला सांगितलं तर आईला खरंच वाटेना. आपला काजूसुद्धा पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला.

जाताना पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्त व्हावा म्हणून सत्याग्रही हातात शस्त्र न घेता गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला कर्नैलसिंग बेनिपाल हे पंजाबचे सत्याग्रही हुतात्मा झाले. तिथे हुतात्मा स्मारक आहे. आम्ही तिथे उतरून फुले वाहणार आहोत.

तिथे काय पाहायचे?

बाईंनी सांगितले की परदेशात काही ठिकाणी पुतळे नसतात, खरी माणसे जुने कपडे घालून जुनी कामे करून दाखवतात. अमेरिकेत विल्यम्सबर्ग म्हणून गाव आहे. तिथे लोहार खरोखर लोखंड ठोकतो आणि आपण विचारले तर उत्तर देतो. लोटलीचे पुतळे बोलत नाहीत. म्हणून आम्ही प्रश्न आधीच वहीत लिहून घेतले आहेत :

१) जमीनदाराच्या घरात किती खोल्या आणि कोळ्याच्या घरात किती?
२) खिडकीला काच आहे की शिंपले? (जुन्या गोव्यात काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे लावत.)
३) पाणी कुठून आणत आणि ते कोण आणत असे?
४) आपल्या घरात अजून आहे अशी कोणती वस्तू दिसली?

गुरुजी म्हणाले, मोठे घर बघून नुसते "वा वा" करू नका. ते घर बांधायला दगड कोणी वाहिले, तेही विचारा.

आमची तयारी

१) गुरुजींनी फोन करून ते ठिकाण कधी उघडते याची खात्री केली. गेल्या वर्षी आम्ही न विचारता एका ठिकाणी गेलो आणि कुलूप बघून परत आलो होतो.
२) गाडी पहाटे ६ वाजता शाळेजवळून सुटेल. ५ मुलांचा एक गट. गटप्रमुखाने चढताना-उतरताना मोजायचे.
३) डब्यात चपाती आणि सुकी भाजी आणावी. ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू आणि पिशवी जवळ ठेवावी.
४) वर्गणी दोन वेळा मिळून दिली तरी चालेल. पैशांसाठी कोणी घरी राहू नये असे गुरुजींनी सांगितले आहे.
५) संमतीपत्रावर पालकांची सही पाहिजे.

आता माझी एक विनंती आहे

माझ्या पणजीचे माहेर पेडण्याकडचे. १९५५ साली सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती इकडे आली. त्याच वर्षी सत्याग्रहानंतर हद्द बंद झाली. माहेर चालत जाण्याइतके जवळ, पण जाता येईना. पणजी म्हणते, "सहा वर्सां आवशीचा तोंड दिसूक नाय माका." ती जाऊ शकली तेव्हा तिची आई गेलेली होती. हे सांगताना ती रडत नाही, फक्त पदर बोटाला गुंडाळत राहते.

मी सहलीचे सांगितले तेव्हा तिने हळूच विचारले, "माका नेतलात काय रे?"

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, गाडीत एक जागा आहे, पण पालकसभेत सगळ्यांनी हो म्हटले पाहिजे. काही जण म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला सांभाळणार कोण? तिच्यामुळे उशीर होईल. ते खरे आहे. पणजीचे गुडघे दुखतात. पण आमच्या गटातल्या पाचही जणांनी पाळीपाळीने तिचा हात धरायचे ठरवले आहे. जिथे चढ आहे तिथे ती खाली बाकावर बसेल. तिला पुढची शीट दिली तर उलटीही होणार नाही.

आणि दुसरे म्हणजे, लोटलीचे पुतळे बोलत नाहीत पण पणजी बोलते. गोव्यात जायला पास लागायचा, हद्दीवर पोलीस झडती घ्यायचे, हे तिला पुस्तकात वाचून नाही तर स्वतः पाहून माहीत आहे. पत्रादेवीला ती आमच्याबरोबर उभी राहिली तर आम्हाला जास्त समजेल असे मला वाटते.

येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता पालकसभा आहे. सर्व पालकांनी जरूर यावे, संमतीपत्र आणावे आणि पणजीला हो म्हणावे ही नम्र विनंती.

— इयत्ता ४ थी