जोडीदाराचं नाव न लावता गृहकर्ज मिळतं का? नियम काय आहे?

समजा, घोटीत राहणारी एक महिला गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. पगार महिना ४० हजार. नवऱ्याचं छोटं दुकान आहे, पण दुकानासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकलेत. तिला घर घ्यायचंय. नवऱ्याचं नाव लावलं तर अर्ज अडकू शकतो. नाही लावलं तर नातेवाईक विचारणार, ‘नवरा असताना एकटीच्या नावावर का?’

अशा वेळी एकटीने अर्ज करता येतो का?

हो, येतो

गृहकर्जासाठी जोडीदाराला सहकर्जदार करायलाच हवं, असा कायदा नाही. बँक अर्जदाराचं उत्पन्न, आधीची कर्जं आणि सिबिल स्कोअर पाहते. ३०० ते ९०० दरम्यानचा हा स्कोअर प्रत्येकाचा वेगळा असतो. नवऱ्याच्या थकलेल्या कर्जात बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर तिचा स्कोअर त्यामुळे घसरत नाही.

मात्र खरेदीखतात दोघांची नावं असतील, तर बँका सहसा दोघांनाही कर्जात घेतात. त्यामुळे कर्ज एकटीचं हवं असेल, तर घरही बहुतेक वेळा एकटीच्या नावावर घ्यावं लागतं.

फायदा काय, तोटा काय?

तोटा कर्जाच्या रकमेत होतो. हप्ता पगाराच्या निम्म्यापर्यंत धरला, तर ४० हजार पगारावर २० हजारांचा हप्ता बसतो. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल, तर एवढ्या हप्त्यात साधारण २३ लाखांचं कर्ज मिळतं. जोडीदाराचं २० हजारांचं उत्पन्न धरता आलं असतं, तर हाच आकडा साडेचौतीस लाखांच्या आसपास गेला असता.

करसवलतीचंही तसंच आहे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. घराचे सहमालक आणि सहकर्जदार असलेले दोघंही ती स्वतंत्रपणे घेऊ शकतात. नुसते हप्ते भरणाऱ्या, पण कागदावर नसलेल्या जोडीदाराला ती मिळत नाही.

फायदा मुद्रांक शुल्कात आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं, तर १ टक्का सवलत मिळते. २५ लाखांच्या घरावर हे २५ हजार रुपये होतात. सोबत नवऱ्याचं नाव आलं की सवलत जाते.

मग घर कोणाचं?

खरेदीखतात ज्याचं नाव, घर त्याचं. लग्न झालं म्हणून महाराष्ट्रात जोडीदार आपोआप अर्ध्या घराचा मालक होत नाही. गोव्यात मात्र वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. तिथे घर विकायला जोडीदाराची संमती लागते.

घोटीसारख्या गावांत आणखी एक गैरसमज दिसतो. राज्य सरकारच्या २००३ च्या ‘घर दोघांचे’ मोहिमेमुळे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अनेक ठिकाणी पती-पत्नी दोघांची नावं लागली. पण नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. बँक खरेदीखत आणि जागेची कागदपत्रं तपासते.

कर्जात नाव नाही म्हणून वारसाहक्कही जात नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नीच्या घरावर पती आणि मुलांचा हक्क येतो. पतीच्या घरावर पत्नी, मुलं आणि आईचा येतो. पण घरासोबत कर्जही येतं. वारसांवर जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असली, तरी हप्ते थांबले तर बँक राहतं घर ताब्यात घेऊ शकते.

अर्ज करण्याआधी काय करावं?

- कर्जाच्या रकमेइतका मुदत विमा घ्यावा.
- मृत्युपत्र करून ठेवावं.
- जोडीदार पैसे देणार असेल, तर ते रोख न देता बँक खात्यातून द्यावेत, म्हणजे नोंद राहते.
- घराचे कागद कुठे आहेत आणि हप्ता किती आहे, हे दोघांनाही माहीत असावं.

कर्जाच्या अर्जावर एकाचीच सही चालते. पण हप्ता चुकला, तर घर दोघांचंही जातं. म्हणून अर्ज एकटीने करायचा असला, तरी निर्णय दोघांनी बसून घेतलेला बरा.